जाहीर आभार

चाकूरच्या शिवकांताबाईंच्या कमरेत आणि डाव्या मांडीत मिळून सात छर्रे आहेत. होते अठरा. डॉक्टरांनी अकरा काढले आणि उरलेल्यांना हात लावला तर पाय जाईल म्हणून ते तसेच राहू दिले.

बारा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्या दूरच्या एका शहरातल्या कापडबाजारात गेल्या होत्या. शालू पसंत पडला होता, घासाघीस रंगात आली होती, आणि तेवढ्यात समोरच्या दुकानाच्या पायरीखाली कुणीतरी ठेवून गेलेला जेवणाचा डबा फुटला. हिमायतनगरच्या नागाबाईंचा अंगद त्याच बाजारात हमाली करत होता. साड्यांचा गठ्ठा पाठीवर घेऊन तो नेमका त्या पायरीवरून चालला होता. बावीस वर्षांचा पोरगा, जागीच गेला.

दोघींची ओळख दवाखान्यात झाली. शिवकांताबाई खाटेवर आणि नागाबाई खाली फरशीवर, मुलाचा देह ताब्यात मिळायची वाट बघत. शिवकांताबाईंनी घरून आलेलं धपाटं त्यांच्या हातात दिलं. नागाबाई ते संध्याकाळपर्यंत नुसतं धरून बसल्या आणि मग एकदम खाऊन टाकलं. तेव्हापासून नागाबाई त्यांना अक्का म्हणतात.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली अशी एकतीस घरं निघाली. त्यांची समिती झाली आणि शिवकांताबाई तिच्या अध्यक्ष झाल्या, कारण अक्षर चांगलं होतं आणि समोर कुणीही बसला असला तरी त्या घाबरत नसत. मदतीचे चेक पहिल्याच वर्षी मिळाले होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण होतं ते पुढच्या गोष्टींचं. जखमी माणूस दवाखान्यातून घरी गेला की सरकारच्या लेखी तो बरा झाला. मग छर्रा सरको, कानातून पाणी येवो, ज्याचं त्यानं बघायचं. आणि खटल्याचं तर एकाही घराला कधी कुणी काही कळवलं नाही. नागाबाईंना सहा वर्षं वाटत होतं की निकाल लागून गेला असेल आणि आपल्याला सांगायचं तेवढं राहिलं असेल.

लातूरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या दानम्मांनी समितीला एका कायद्याचा मसुदा करून दिला होता. चारच कलमं. जखमींवर आयुष्यभर मोफत उपचार. दहशतवादाचे खटले रोजच्या रोज चालवायचे. घरच्यांना प्रत्येक तारीख पत्रानं कळवायची. आणि ज्यांना लांब जाणं झेपत नाही त्यांना आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात बसून पडद्यावर सुनावणी बघू द्यायची.

हा मसुदा घेऊन शिवकांताबाई नऊ वर्षं आमदार व्यंकटरावांच्या लातूरच्या कार्यालयात जात होत्या. व्यंकटरावांचा पीए अमरेश हा मोठा गोड माणूस. दरखास्त घ्यायचा, शिक्का मारायचा आणि म्हणायचा, "साहेबांच्या कानावर घालतो, काकू." नऊ वर्षांत साहेबांच्या कानावर इतकं घातलं गेलं होतं की ते कान अजून जागेवर कसे, याचंच शिवकांताबाईंना नवल वाटे.

मागच्या उन्हाळ्यात त्या अशाच तिथं दोन तास बसल्या होत्या. लोक येत होते, कागद देत होते, आणि व्यंकटराव मोबाइलमधून मान वर न काढता "हं, हं" करत होते. तेवढ्यात मुरुडहून एक गृहस्थ शाल आणि श्रीफळ घेऊन आले. "साहेब, आमच्या पांदण रस्त्याचं काम मार्गी लावलंत. गावातर्फे आभार मानायला आलो."

व्यंकटराव ताडकन उठले. फोटो झाला, चहा आला. गृहस्थ जिना उतरतात न उतरतात तोच साहेबांनी इंजिनिअरला फोन लावला. "ओ, मुरुडचा रस्ता सुरू केलाव का न्हाई? काय म्हणता, मंजुरीच न्हाई? अहो, लोक शाली घेऊन येऊलालेत इथं! उद्या खडी पडली पाहिजे!"

शिवकांताबाई परतीच्या एसटीत एकट्याच हसत होत्या. शेजारच्या बाईनं पिशवी उचलून दुसरी सीट धरली.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी नागाबाईंना फोन केला. "नागाबाई, नऊ वर्षं आपलं चुकलं कुठं, सांगू का?"

"सांगा की अक्का."

"आपण मागत बसलो. आता मागायचं न्हाई. आभार मानायचे."

"कशाचे?"

"कायद्याचे."

"आवं, पण कायदा कुठं झालाय?"

"म्हणून तर."

नागाबाईंच्या गळ्यात माळ होती. खोट्याला त्या हात लावणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं. खोटं शिवकांताबाईंनाही नको होतं; सकाळी लिंगपूजा करून दुपारी थापा मारायच्या हे त्यांना जमलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं चित्रण नागाबाईंच्या लेकीनं, बबितानं, मोबाइलवर केलेलं होतं. त्यात पांढऱ्या फुलांच्या ढिगामागून व्यंकटराव हात वर करून गरजत होते, "हा कायदा विधानसभेत मीच मांडणार! हा व्यंकटरावाचा शब्द आहे!"

"हे खोटं हाय का?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"न्हाई. त्येच बोलून राहिले की."

"झालं तर. ते बोलले, आपण फक्त छापायचं."

शिवकांताबाईंचा पुतण्या महांतेश लातूरला फ्लेक्स छापतो. व्यंकटरावांचा वाढदिवस तोंडावर आला होता आणि त्याच्याकडे एकट्या त्यांच्याच बत्तीस फ्लेक्सची रांग लागली होती. काकूंनी मजकूर दिला: 'दहशतवादपीडितांसाठी विधानसभेत विधेयक मांडण्याचा शब्द दिल्याबद्दल लोकप्रिय आमदार व्यंकटराव यांचे जाहीर आभार.' महांतेशनं तो दोनदा वाचला.

"काकू, खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे फोटो लागतात."

"लाव की. एकतीस घरचे एकतीस हायत, आणलेत मी."

महांतेशनं फोटो पाहिले. "यातले नऊ जण वारलेत, काकू."

"मग? त्यांनी का आभार मानू न्हाईत?"

महांतेशनं सगळे फोटो ओळीत बसवले. तीन फ्लेक्स झाले. एक लातूरला, एक मुरुडला, एक चाकूरच्या नाक्यावर. रीतसर परवानगी काढून, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते लागले आणि इतर फ्लेक्सच्या जत्रेत असे मिसळून गेले की कार्यकर्त्यांनीच एकाची सुटलेली दोरी घट्ट बांधून दिली.

वाढदिवसाच्या सकाळी व्यंकटरावांना नेहमीचे फोन आले आणि त्यांत काही वेगळेही आले. एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "फार मोठं काम हाती घेतलंत." एका पत्रकारानं विचारलं, "आमदारांची विधेयकं शुक्रवारी येतात; तुमचं कोणत्या शुक्रवारी?" व्यंकटरावांनी सगळ्यांना धन्यवाद दिले आणि फोन ठेवून अमरेशला विचारलं, "कोणतं विधेयक रे?"

अमरेशनं कपाटात शोध घेतला. मसुद्याच्या नऊ प्रती सापडल्या. प्रत्येकीवर त्याचाच शिक्का होता.

दुपारी लातूरच्या सभागृहात सत्कार होता. मुंबईहून मंत्री येणार असल्यानं दारात पोलिसांचा कडक बंदोबस्त होता. शिवकांताबाई आणि नागाबाई शाल घेऊन बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. महिला शिपायानं यंत्र फिरवलं आणि ते शिवकांताबाईंच्या कमरेपाशी किंचाळलं.

"काय आहे कमरेला? चाव्या काढा."

"चाव्या न्हाईत, बाई."

यंत्र पुन्हा फिरलं, पुन्हा किंचाळलं. दोन शिपाई धावत आले, रांग मागं सरकली. नेमकी त्याच वेळी मंत्र्यांची गाडी दारात लागली आणि मागोमाग कॅमेरे आले.

"छर्रे हायत," शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. काढून घेता का? घ्या. मला तरी कुठं ठेवायचेत?"

शिपाई पोरीचा चेहरा उतरला. ती यंत्र मागं घेऊ लागली, तर शिवकांताबाईंनी तिचा हात धरला. "थांब गं माय, अर्धवट करू नको. अजून खाली मांडीत हायत, तिथंबी लाव." यंत्र मांडीपाशी नेताच पुन्हा ओरडलं. एक कॅमेरेवाला तर गुडघ्यावरच बसला.

मंत्री थांबले. "काय प्रकार आहे?"

व्यंकटराव स्वागताचा हार घेऊन धावत पुढं आले होते. समोर मंत्री, बाजूला सहा कॅमेरे, मध्ये किंचाळणारं यंत्र. माणसाला विचार करायला वेळ मिळाला नाही की तो फार खरं बोलतो नाही तर फार मोठं बोलतो. व्यंकटराव दुसऱ्या जातीतले.

"साहेब, याच त्या भगिनी!" ते म्हणाले. "यांच्याचसाठी मी विधेयक आणतोय. येत्या अधिवेशनात!"

नागाबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. व्यंकटरावांनी दार लावून घेतलं. "अक्का, हे काय लावलंय? मला न विचारता?"

"विचारलं होतं की साहेब. नऊ वर्षं विचारलं. न विचारता फक्त परवाच केलं."

"मी कधी शब्द दिला?"

शिवकांताबाईंनी मोबाइल पुढं धरला. व्यंकटरावांनी स्वतःचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावरून आवडल्यासारखंही दिसलं. मग त्यांनी मोबाइल परत केला. "भाषणात माणूस हजार गोष्टी बोलतो, अक्का. आमदारानं स्वतःहून मांडायचं अशासकीय विधेयक म्हणजे कटकट असते. पुढच्या अधिवेशनात बघू."

"बघा," शिवकांताबाई म्हणाल्या. "घाई न्हाई."

आणि तिथून त्या थेट उदगीरच्या एसटीत बसल्या. उदगीरला चन्नबसप्पा राहतात. मागच्या निवडणुकीत व्यंकटरावांकडून थोडक्यात पडलेले, आणि ते थोडक्यात असणं त्यांना अजून झोपू देत नव्हतं. शिवकांताबाईंनी ओट्यावर बसता बसता "शरणार्थ, अण्णा" असा नमस्कार केला आणि पिशवीतली शाल काढली.

"हे कशाबद्दल?" चन्नबसप्पांनी विचारलं.

"तुम्ही निवडणुकीत आमच्या प्रश्नाबद्दल बोलला होता. म्हणलं, आभार राहून गेलेत."

ते बोलले होते हेही खरं होतं. निवडणुकीत त्यांनी बोलायचं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. चार दिवसांत चाकूरच्या नाक्यावर दुसरा फ्लेक्स लागला, व्यंकटरावांच्या बरोबर समोर आणि दोन फूट उंच: 'दहशतवादपीडितांचा आवाज सर्वप्रथम उठवणारे चन्नबसप्पा. विधेयकाचं काय झालं?'

पाचव्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. "अक्का, त्या वकीलबाईचा पत्ता द्या. मसुदा नीट टाइप करून पाहिजे. आजच."

"कशाला त्रास, साहेब? तुमच्या कपाटात हाय की. नऊ प्रती असतील."

अधिवेशनात विधेयक आलं त्या शुक्रवारी सगळे दानम्मांच्या कार्यालयात जमले. टेबलावर मोबाइल उभा केला होता. व्यंकटराव बोलले, आणि खरं सांगायचं तर फार चांगले बोलले. अंगदचं नाव घेतलं, यंत्राची गोष्ट सांगितली. त्यांच्या सांगण्यात तिथं यंत्र चार वेळा वाजलं. नागाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मग मंत्री उठले, शासन सहानुभूतीनं विचार करील, निर्णय घेईल असं आश्वासन दिलं आणि व्यंकटराव म्हणाले, "आश्वासन मिळाल्यानं मी विधेयक मागे घेतो."

दानम्मांनी हात पुढं करून मोबाइल बंद केला.

"मागं घेतलं म्हणजे?" नागाबाईंनी विचारलं. "आत्ता तर दिलं होतं."

दानम्मांनी समजावलं की असंच असतं. अशी विधेयकं बहुतेक मंजूर होत नाहीत, त्यातून आश्वासन पदरात पाडून घ्यायचं असतं. समजावणं बरोबर होतं, पण नागाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. आपण एका आईला फ्लेक्सच्या खेळात ओढलं आणि हाती काय लागलं, असं शिवकांताबाईंच्या मनात आलं. मांडी ठणकत होती. त्यांनी पाय स्टुलावर घेतला.

"दानम्मा," शेवटी त्या म्हणाल्या, "आश्वासन लिहून ठेवतात का तिथं?"

"शब्द न् शब्द."

"मग पोस्टकार्ड कुठं मिळतात अजून?"

पोस्टात मिळत होती. दर सोमवारी एकतीस घरांतून मंत्र्यांना एकतीस कार्डं जाऊ लागली. मागणी एकातही नव्हती. 'आपण सभागृहात शब्द दिल्याबद्दल आभार,' एवढंच, आणि खाली ज्याला सुचेल ते. कुणी लिहिलं की यंदा तूर बरी आहे. कुणी लिहिलं की कानातलं पाणी अजून येतं, पण साहेबांच्या शब्दामुळं धीर आहे. नागाबाई बबिताकडून लिहून घ्यायच्या आणि खाली अंगठा उठवायच्या, दर आठवड्याला थोडा मोठा.

सतराव्या आठवड्यात मुंबईहून फोन आला. मंत्र्यांच्या कार्यालयातला माणूस काकुळतीला आला होता. "बाई, कार्डं थांबवा आता. शासन निर्णय निघालाय."

"निघाला? मग तर आभार मानायलाच पाहिजेत," शिवकांताबाई म्हणाल्या, आणि पलीकडून आलेला उसासा त्यांनी नीट ऐकून घेतला.

चारांपैकी तीन गोष्टी मिळाल्या. उपचार मिळाले, तारखेचं पत्र मिळालं, पडदा मिळाला. खटला रोजच्या रोज चालवण्याचं कलम मात्र 'विचाराधीन' राहिलं. व्यंकटराव आणि चन्नबसप्पा, दोघांनीही आपापले सत्कार करून घेतले. शिवकांताबाई दोन्हीकडं जेवून आल्या.

नागाबाईंना पहिलं पत्र आलं ते हिमायतनगरला. पोस्टमननं वाचून दाखवलं: सुनावणी अमुक तारखेला, नांदेडच्या कोर्टात बघायची सोय. नागाबाईंनी पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आणि अक्काला बोलावून घेतलं.

नांदेडच्या कोर्टात एका छोट्या खोलीत मोठा पडदा लावला होता. बाबूनं दोघींना बसवलं, आवाज लावला. "इथं फक्त बघायचं, मावशी. आपला माइक बंद आहे, हे लाल दिसतंय ना, ते." एवढं सांगून तो चहाला गेला.

पडद्यावर ते लांबचं कोर्ट दिसलं. न्यायाधीश, वकील, आणि बाकावर तीन आरोपी. नागाबाईंनी त्यांना बारा वर्षांत पाहिलंच नव्हतं. त्या पुढं वाकून बघत राहिल्या. "एवढेसेच हायत का हे?" त्या हळूच म्हणाल्या.

आरोपींच्या वकिलानं उठून सांगितलं की त्यांचे ज्येष्ठ वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, एक महिना मुदत मिळावी. न्यायाधीशांनी डायरी उघडली.

"आवं, आन् मी काय करू महिनाभर?" नागाबाई म्हणाल्या.

पडद्यावरची सगळी माणसं एकदम वर बघू लागली.

"कोण बोललं?" न्यायाधीशांनी विचारलं.

नागाबाई घाबरून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "मी, साहेब. अंगदची माय. हिमायतनगरहून आले. बारा वर्षांत पयल्यांदा तारीख कळली, म्हणून आले. आता तुमी लगेच दुसरी देऊन राहिले."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्हाला इथं बोलायची परवानगी नाही, बाई. बसा." नागाबाई बसल्या. न्यायाधीशांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि वकिलाला सांगितलं, "उद्या अकरा वाजता. ज्येष्ठ नसतील तर तुम्ही चालवा."

बाबू चहा टाकून धावत आला. "माइक कसा चालू झाला?"

"मी जरा धूळ पुसली पदरानं," शिवकांताबाई म्हणाल्या. "लई धूळ हाय हो तुमच्याकडं."

रात्रीपुरत्या दोघी नांदेडला बबिताच्या सासरी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी साडेदहालाच हजर झाल्या. बाबूनं यावेळी माइकची वायरच काढून ठेवली होती. अकराला साक्ष सुरू झाली. साक्षीदार म्हणजे त्या पायरीवाल्या दुकानाचा मालक, आता म्हातारा झालेला. स्फोटाच्या वेळी पायरीवर कोण होतं, असं त्याला विचारलं.

"आमचा अंगद होता," तो म्हणाला. "गठ्ठा घेऊन. मी त्याला म्हणालो, सावकाश जा रे."

नागाबाईंनी शिवकांताबाईंचं मनगट घट्ट धरलं. लिहून घेणाऱ्यानं नाव पुन्हा विचारलं, म्हाताऱ्यानं पुन्हा सांगितलं, आणि ते लिहिलं गेलं.

साक्ष दीडपर्यंत चालली. मग जेवणाची सुट्टी झाली आणि दोघी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली डबा सोडून बसल्या. नागाबाईंनी भाकरी मोडली, त्यावर शेंगाचटणी घेतली.

"सावकाश जा म्हणला होता त्यो," त्या म्हणाल्या. "मला ठावंच नव्हतं."

"चांगला माणूस हाय," शिवकांताबाई म्हणाल्या, आणि घड्याळात बघितलं. अडीचला पुन्हा सुरू व्हायचं होतं.